डावखुऱ्या बाईचा पाटा

सुमित्राअक्का आमच्याकडे चहाला आल्या की आधी हातमोजे चढवतात. पांढरे, सुती. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन माझ्या पाट्यावरून हात फिरवतात. मी पुण्याहून बंगळुरूला नवीनच आले होते तेव्हा हे पहिल्यांदा घडलं. शेजारच्या बाईंना माझ्या स्वच्छतेची शंका आहे असं वाटून मी चांगलीच फुगून बसले होते.

तसं काही नव्हतं, ती त्यांची कामातली सवय. अक्का इथल्याच चिकपेट भागातल्या जुन्या मराठी घरातल्या, एका संग्रहालयात जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या अभिरक्षक. तीन-चारशे वर्षांपूर्वीची साधी माणसं काय खात, कशावर निजत, याचा त्यांनी जन्मभर पिच्छा पुरवला. तलवारींचं नाव काढलं की त्यांचं तोंड वाकडं होतं. "लढाई कधीतरी गं. चटणी रोज."

निवृत्तीआधी त्यांना एक दालन मांडायला मिळालं, तर संग्रहालयाच्या साहेबांनी त्यातल्या जुन्या पाट्याच्या जागी तोफ ठेवायचं ठरवलं. दगडात काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. अक्का हटेनात. पाटा डावीकडे जास्त झिजलाय, म्हणजे वाटणारी बाई डावखुरी होती, जिच्याबद्दल एवढं कळलं तिला मी अडगळीत टाकणार नाही, म्हणाल्या. साहेबांनी पुरावा मागितला.

पुरावा म्हणून अक्कांनी मला नेलं, कारण मी डावखुरी. "स्वल्प चटणी वाटायची, एवढंच." माझा पाटा रिक्षात घालून आम्ही निघालो. साहेबांच्या केबिनमध्ये वर्तमानपत्र पसरून मी सुक्या मिरच्या आणि लसूण वाटायला घेतला. पाच मिनिटांत सगळं ऑफिस शिंकू लागलं. अक्का शेजारी उकिडव्या बसून बोटानं दाखवत होत्या, "बघा सर, भार डावीकडे. चटणी उजवीकडे पळते."

"सरी, सरी, ठेवा तो पाटा," साहेब डोळे पुसत म्हणाले. त्यांना पुरावा पटला की मिरची लागली, ते मला अजून कळलेलं नाही. तोफ अंगणात गेली.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे तोफेभोवतीच फोटो काढत होते. अक्का एकट्या पाट्यापाशी उभ्या होत्या. शेजारी त्यांनी लिहिलेला फलक होता: 'वापरणारी डावखुरी होती. नाव कळलेलं नाही.'

"एका पाट्यासाठी इतकं भांडलात, अक्का?" मी विचारलं.

"आमची आई डावखुरी," त्या म्हणाल्या. "ती गेल्यावर थोरल्या भावानं, अण्णानं, नवं घर बांधलं, तिचा पाटा घराच्या पायात दगड म्हणून भरला. मी तेव्हा काही बोलले नाही. फोटो तर तिचा एकही नाही."

त्यांनी पदरानं फलकावरची धूळ पुसली.

"हिचा तरी राहू दे."