मागचा पाय दिवाळीनंतर

आमच्या किहीमच्या दामूला बैलाचं पुढचं अर्धं अंग तोंडपाठ आहे. मागच्या अर्ध्याची त्याला काडीची माहिती नव्हती, आणि तो ते लपवतही नसे. लंगडणारं जनावर घेऊन कोणी अंगणात आलं की त्याचा पहिला प्रश्न, "पुढचा की मागचा?" पुढचा म्हटलं की स्वारी खुलते. डोळे मिटून खांद्यापासून खुरापर्यंत हात फिरवत तो "स्कॅप्युला, ह्युमरस, रेडियस, अल्ना" असं पुटपुटतो आणि नेमका दुखरा सांधा पकडतो. मागचा म्हटलं की हात झटकून म्हणायचा, "मागचा पाय दिवाळीनंतर. अलिबागच्या डॉक्टरकडे न्या."

ही दिवाळी कोणती ते सांगायला हवं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी दामू मुंबईला गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात गेला. आम्ही दोघं शाळेत एका बाकावरचे. मी इथेच मास्तरकीला चिकटलो. पहिल्या सहामाहीत दामूने पुढचा पाय चिरला, स्नायू सोडवले, शिरा मोजल्या. सुट्टी लागताना प्रोफेसरांनी वर्गात सांगितलं, मागचा पाय दिवाळीनंतर. दामू रेवसच्या लाँचने घरी आला, तर वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. तीन लहान भावंडं, नारळी-पोफळीची वाडी, आणि बघणारं कोणी नाही. "भाऊ जरा हाताशी आला की जातो," दामू म्हणाला. त्याला चौदा वर्षं झाली.

तेवढ्या सहामाहीवर त्याने गावाचा जीव नकोसा केला आहे. बोलता बोलता समोरच्याचा खांदा चाचपण्याची त्याला खोड आहे. माझ्या लग्नात त्याने माझ्या सासऱ्यांचा दंड दाबून पाहिला आणि भर मांडवात म्हणाला, "वा! अगदी औताच्या बैलाचा ह्युमरस!" सासरे अजून त्याच्याशी बोलत नाहीत. गावातल्या गणा म्हात्रेने एकदा अलिबागची पायपीट वाचवायला आपल्या बैलाचा मागचा पाय दुखत असताना दामूला "पुढचाच हाय, अण्णा" असं ठोकून दिलं. दामूने अर्धा तास दोन्ही पुढचे पाय तपासले आणि बैल निरोगी असल्याचं सांगून टाकलं. बैल समोर तीन पायांवर उभा होता. आता तर गावाचीच ती भाषा झाली आहे. ओढ्यावरचा मोडलेला साकव कधी बांधणार, असं विचारलं की सरपंचसुद्धा म्हणतात, "दामूच्या दिवाळीनंतर!"

त्याच्याकडे कॉलेजातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. मी एकदा म्हटलं, "अरे, मागचा पाय त्यात असेलच की. वाचून टाक." तर दामू माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच ओशाळं वाटलं. "मास्तर, ते तिथं जाऊन शिकायचंय," तो म्हणाला. गेल्या वर्षी धाकटा भाऊ नोकरीला लागला तेव्हा दामूने माळ्यावरची ट्रंकही खाली काढली होती. मग आई पायरीवरून पडली, आणि ट्रंक परत वर गेली.

या वैशाखात माझी कपिला गाय खाडीपलीकडून चरून येताना पाण्यात मधेच थांबली. मागचा डावा पाय ताठ मागे गेलेला, वाकता वाकेना. गणा धावत आला. "अण्णांना बोलवा! पाय हलत न्हाय, आन् भरती लागलीय!" अलिबागचे डॉक्टर दोन दिवस दौऱ्यावर होते. दामू आला, पाण्यात उतरला, आणि गाईच्या मानेशी जाऊन नुसता उभा राहिला.

"मागचा आहे रे, मास्तर."

पाणी गाईच्या पोटाला लागत होतं. माझा तोल गेला. "तुझी दिवाळी घाल चुलीत! माझी गाय बुडतेय. पुस्तक आण!"

दामू धावत घरी गेला आणि पुस्तक डोक्यावर धरून परत आला. पुढचा पाय संपतो नेमक्या त्या पानात पिवळा पडलेला कागदाचा तुकडा होता. तो त्याने ओठांत धरला आणि पाण्यात उभ्या उभ्या पुढची पानं वाचली. मग पुस्तक माझ्या हातात देऊन त्याने डोळे मिटले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मागच्या पायावर हात ठेवला.

"गुडघ्याची वाटी वर सरकून अडकलीय," तो दात न उघडता म्हणाला. "गणा, दोरी बांध, पाय पुढे ओढ." गणाने ओढलं, दामूने वाटी दाबली, कट् असा आवाज झाला आणि पाय वाकला. कपिला काही झालंच नाही अशा थाटात किनाऱ्याला लागली.

"अण्णा, आता पुरा डाक्टर झालास!" गणा ओरडला. लोक हसले, मीही हसलो. दामू वाळूत बसला होता. मी पुस्तक द्यायला गेलो.

"सोपं होतं रे," तो म्हणाला. "चार पानांचं काम."

मग त्याने ओठांतला कागद हातात घेतला. ते चौदा वर्षांपूर्वीचं लाँचचं परतीचं तिकीट होतं, रेवस ते मुंबई. दामूने पुस्तक उघडलं, पानं मागे उलटली, पुढे उलटली.

"मास्तर, हे आता कुठल्या पानात ठेवू?"

गाय वाचली होती माझी, आणि त्याचं काय गेलं ते मला तेव्हा कळलं. ते तिकीट हल्ली माझ्याकडे असतं. त्यानेच दिलं.

परवा गणा बैल घेऊन दामूच्या अंगणात आला. "मागचा हाय, अण्णा," असं म्हणाला आणि सवयीने थांबला. मीही ओट्यावर थांबून राहिलो. दामूने मुकाट्याने बैलामागे जाऊन पायावर हात ठेवला.