न फवारलेल्या गव्हातलं जस्त

न फवारलेल्या गव्हातही फवारलेल्या गव्हाइतकंच जस्त निघालं, तेव्हा संशोधन केंद्रातल्या साहेबांनी आधी यंत्राला दोष दिला आणि दुपारच्या जेवणानंतर माणसांना. दाणे भरताना पिकावर जस्ताचं पाणी फवारलं की ते दाण्यात उतरतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं, एवढं सिद्ध करायला ते किती हंगाम राबत होते. आता गुरुवारी समिती येणार होती. पुढचा हंगाम द्यायचा की गाशा गुंडाळायला सांगायचं, हे ती ठरवणार होती. साध्या गव्हातच जस्त असं उतू जात असेल, तर फवारणीला विचारतो कोण?

म्हणजे नमुन्यांना बाहेरून कुठूनतरी जस्त लागत होतं. दळणाच्या खोलीत धातूची वस्तू न्यायची नाही, हा साहेबांचाच कडक नियम. पितळेत जस्त असतं, म्हणून पितळी चाळणी त्यांनी केव्हाच हद्दपार केली होती. खुद्द मोठ्या साहेबांना एकदा दारातच घड्याळ काढायला लावलं होतं. केंद्रात आपल्याला मागून 'जस्तराव' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

संशय फिरत फिरत मदतनीस ताईंच्या बोटावर येऊन थांबला. लग्नातली अंगठी बोट जाड झाल्यापासून निघत नव्हती, म्हणून ताई वरून हातमोजा घालत.

"सोन्यात दुसरे धातू असतात, ताई. जस्तसुद्धा."

"पण हातमोजा असतो की, साहेब."

हातमोजा फाटत नाही का, असं साहेबांनी विचारलं. अंगठी काढायला साबण झाला, तेल झालं. बोट तेवढं सुजलं. शेवटी साहेबांनी आपल्या स्कूटरवर बसवून त्यांना सोनाराकडे नेलं आणि त्यानं अंगठी कापली. तुकडे रुमालात बांधून ताईंनी ती पुरचुंडी येताना रस्ताभर मुठीत धरली. विज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं, असा साहेबांनी वर धीरही दिला. ते वाक्य आठवलं की आजही त्यांचे कान तापतात.

नव्या नमुन्यांना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आता हातमोज्यांवरही विश्वास उरला नव्हता. त्यांनी साबणानं हात धुतले आणि दाणे स्वतः खालीवर केले. उकाडा मी म्हणत होता, मधून मधून मान पुसावी लागत होती. निकाल आला. साध्या गव्हातलं जस्त आणखी वाढलं होतं.

बुधवारी सकाळी आंघोळ करून ते घामोळ्यांची पावडर थापत होते. बायको म्हणाली, "अहो, अंगाला लावताय की फरशीला? जिथे हात लावाल तिथे पांढरं."

साहेबांनी फरशीकडे पाहिलं, मग हाताकडे, मग डब्याकडे. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, झिंक ऑक्साइड. झिंक म्हणजे जस्तच. आधीचे दाणे चाळतानाही त्यांनी हातमोज्यांनीच मान पुसली होती. ते पलंगावर बसले.

"काय झालं?"

"ताईंची अंगठी कापली मी," साहेब म्हणाले. लाजेनं त्यांना बायकोकडे बघवेना.

त्या दिवशी ते केंद्रात कुणाला काही बोलले नाहीत. गुरुवारी मोठ्या साहेबांनी समितीपुढे फक्त फवारलेल्या गव्हाचे आकडे ठेवले. समिती खूश झाली. गप्प बसलं असतं तरी निभावून गेलं असतं, आणि साहेब गप्पच बसणार होते. तेवढ्यात ताई पाण्याचा ग्लास द्यायला पुढे आल्या. अंगठीच्या जागी बोटावर फिकट वळ होता. साहेब उभे राहिले.

घामोळ्यांपासून सगळं त्यांनी सांगितलं. मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "पण शेतातून आलेली ही शेवटची दोन पोती, एक फवारलेल्या गव्हाचं आणि एक साध्या, तशीच आहेत," साहेब म्हणाले. "त्यांना माझा हात लागलेला नाही. त्यातून ताई नवे नमुने काढतील."

सगळ्यांनी पोत्यांकडे पाहिलं. समितीचे अध्यक्ष घाम पुसत मघापासून तिथेच उभे होते. गहू दिसला की त्यांना राहवत नसे. एक हात या पोत्यात, एक त्या पोत्यात, कोपरापर्यंत. त्यांनी हात सावकाश बाहेर काढले.

"पावडर कुठली म्हणालात?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी नाव सांगितलं.

"मीही तीच लावतो."

कुणी हसलं नाही. शेवटचं धान्यही आपल्याच हातानं नासल्यावर प्रयोग बंद करा म्हणायला अध्यक्षांची जीभ रेटेना. आणखी एक हंगाम मिळाला. दुसऱ्याच्या घामोळ्यांमुळे वाचलो, या विचारानं साहेब अधिकच खजील झाले.

ताईंनी दोघांनाही नळापाशी नेलं आणि साबण दिला.

"ताई, त्या अंगठीचं..." साहेबांना पुढे बोलवेना.

"कोपरापर्यंत लावा," ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी भिजलेले हात पुढे केले आणि झालं का, असं विचारलं. ताईंनी ते उलटसुलट करून पाहिले, मग साहेबांकडे वळल्या.

"तुमची मान राहिली."

साहेबांनी निमूटपणे नळाखाली डोकं घातलं.