सोमवारी न थांबणारी गाडी

"ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा ओळखपत्र दाखवल्याशिवाय सुटत नाही, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अट्टल गुन्हेगार कबुलीजबाब देतात, आणि ज्याच्या मेंदूला विश्रांती हा शब्दच ठाऊक नाही, तो खासगी गुप्तहेर म्हणजे मी!" असं दाजी उभं राहून म्हणाले आणि ऐटीत खाली बसले. खुर्ची मात्र हातभर डावीकडे होती.

पुढचं वाक्य त्यांनी जमिनीवरूनच पूर्ण केलं. "बोला, काय तक्रार आहे?"

समोर बसलेला तक्रारदार त्यांचा सख्खा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ होता. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. तो दाजींचा एकुलता एक बिनपगारी सहायकही होता, त्यामुळे हे भाषण त्याला तोंडपाठ होतं. पण ओळख करून दिल्याशिवाय प्रकरण सुरू होत नाही, हा दाजींचा नियम होता. मग तक्रारदारानं घटकाभरापूर्वी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा घेतलेला का असेना.

दाजींचं कार्यालय म्हणजे त्या स्वयंपाकघराशेजारची अडगळीची खोली. अडगळ काढली आणि दाजी आत गेले, म्हणजे तसा फारसा बदल झाला नाही, असं त्यांची बायको, म्हणजे धाकट्याची ताई म्हणायची. खोलीचं दार मोठं तापट होतं. जरा वारा आला की धाडकन आपटायचं, आणि ते फक्त बाहेरूनच उघडायचं. म्हणून हल्ली दाजींनी त्याला एक जड खोका लावून ठेवला होता.

"तक्रार गाडीची आहे दाजी," धाकटा म्हणाला. "ती सोमवारी थांबत नाही."

धाकटा कवळ्या बनवायचा. जिन्यात कुणाचा धक्का लागला तर स्वतःच माफी मागणारा माणूस. पण महिन्यातून एका रविवारी तो आपली छोटी पिवळी गाडी गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायचा, जीव खाऊन पळवायचा आणि चेहऱ्यावर तजेला घेऊन परत यायचा. एरवी दर सोमवारी तीच गाडी मुलीला शाळेत सोडायची; बाकीचे दिवस मुलगी चालत जायची. ट्रॅकवर जुने ब्रेक तापून मान टाकायचे, म्हणून नुकतेच नवे, भारी ब्रेक पॅड बसवले होते. ते निवडण्याचं काम अर्थातच दाजींनी अंगावर घेतलं होतं. "चौकशी हे एकट्यानं करायचं काम आहे," असं म्हणून ते दुकानात एकटेच शिरले होते, आणि धाकटा बाहेर गाडी लावायला जागा शोधत फिरत होता.

"रविवारी ट्रॅकवर गाडी अशी थांबते की जमिनीला खिळली वाटावं," धाकटा सांगू लागला. "आणि सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी तेच ब्रेक नुसते किंचाळतात. सगळी शाळा खिडकीत येते आणि गाडी आपली पुढं. या सोमवारी थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या सायकलपर्यंत गेली."

"बाई कुठं होत्या?"

"सायकलवर."

दाजींनी हे टिपून घेतलं, पण पेनात शाई नव्हती.

"बायको म्हणाली, येत्या सोमवारी मी शेजारी बसणार. गाडी फाटकाशी नीट थांबली तर ठीक, नाहीतर संध्याकाळी समोरच्या डॉक्टरांना विकायची. ते टपलेलेच आहेत." धाकट्याचा आवाज एकदम खाली आला. "तिचं चुकत नाही हो. पोर मागं बसते. पण दाजी, महिनाभर मी लोकांच्या दातांचं ऐकून घेतो. त्या गाडीत तेवढा एक दिवस मला माझं स्वतःचं ऐकू येतं."

दाजींना भरून आलं. त्यांनी नाक पुसलं आणि गर्जना केली, "सहायक! हे प्रकरण आपण घेतलं!"

पहिला निष्कर्ष पायरी उतरायच्या आत निघाला. तेच ब्रेक रविवारी चांगले आणि सोमवारी वाईट, याचा अर्थ ते तेच नव्हेत. मधल्या वेळात कुणीतरी ते बदलतं. "आता मला सांग, या गाडीवर डोळा कुणाचा आहे?"

"डॉक्टरांचा. पण दाजी, ते डोळ्यांचेच डॉक्टर आहेत."

"बघ! धंदाच तो!"

दाजी वेषांतर करून, म्हणजे मफलर उलटा बांधून, दवाखान्यात शिरले. बाहेर आले ते विचारमग्न होते. "माणूस पोचलेला आहे," ते म्हणाले. "मला अंधारात बसवलं आणि भिंतीवरची सांकेतिक अक्षरं वाचायला लावली. खालच्या तीन ओळी इतक्या गुप्त होत्या की मलासुद्धा दिसल्या नाहीत."

"मग?"

"मग चष्म्याचा नंबर दिला." तो चष्मा आल्यावर दाजींना खुर्ची पहिल्या झटक्यात सापडू लागली, पण डॉक्टरांवरचा संशय काही गेला नाही.

दुसरा निष्कर्ष मानसशास्त्रीय होता. सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी कुणाला थांबावंसं वाटतं? दाजींना स्वतःला कधीच वाटलं नव्हतं. मग गाडीलाच का वाटावं? तिची भीती घालवण्यासाठी त्यांनी बॉनेटवर हात फिरवून तिला दोन प्रेमाचे शब्द सांगितले. गाडी नुकतीच फिरून आली होती. दाजींचा हात पोळला आणि प्रेम ओसरलं.

मग ते गॅरेजकडे वळले. पॅड तिथंच बसवले होते. धाकट्याला वाटलं, आत जाऊन मेकॅनिकलाच सरळ विचारावं. दाजींनी त्याची कॉलर धरली. "संशयिताला प्रश्न विचारतात का कधी? तो सावध होतो!" म्हणून दोघं जुन्या टायरांच्या ढिगामागं उकिडवे बसले. आत मेकॅनिक फोनवर बोलत होता.

"नाही हो, त्याच्या भरवशावर राहू नका," मेकॅनिक म्हणत होता. "थंड असताना धरत नाही, नुसता किंचाळतो. एकदा का तापला, की मग मात्र सोडत नाही!"

दाजी पांढरेफटक पडले. "ऐकलंस? भाडोत्री गुंड! तापट, किंचाळणारा, धरला की न सोडणारा. वर्णन पूर्ण आहे, आता फक्त माणूस पाहिजे."

"दाजी, मला वाटतं तो पॅडबद्दल..."

"सहायकाला वाटायचं नसतं!" दाजी एवढ्या जोरात कुजबुजले की वरचा टायर त्यांच्या डोक्यावरून खाली येऊन गळ्यात बसला. तो काढायला मेकॅनिकच धावत आला. धाकट्यानं तोंड उघडायच्या आत दाजी त्याला ओढत रस्त्याला लागले होते.

शनिवार उजाडला. दाजींनी ताईला गुंडाचं वर्णन शब्दशः ऐकवलं आणि घराच्या दाराला आतून कडी लावायला बजावलं. "ओळखीचा वाटतोय," एवढंच म्हणून ताई चहा टाकायला गेली. धाकटा कार्यालयात डोकं धरून बसला होता. गाडी गेल्यात जमा होती. डॉक्टर सकाळीच टेप घेऊन येऊन डिकी मोजून गेले होते.

ताई दोन्ही हातांत कप घेऊन आत आली आणि दारातच ठेचकाळली.

"आई गं! वाटेत हा काय धोंडा ठेवलाय?" तिनं कप टेकवले, अंगठा चोळता चोळता खोका उचलला आणि फिरवून पाहिला. "अहो, यावर गाडीच्या चाकाचं चित्र आहे."

धाकट्यानं झडप घालून खोका उघडला. आत ब्रेक पॅड होते. कोरे करकरीत.

"दाजी, हे कुठून आलं?"

"त्याच दुकानातून," दाजी शांतपणे म्हणाले. "त्यानं विचारलं, गाडी रस्त्यावर चालवता की ट्रॅकवर? मी म्हटलं, दोन्हीकडे. तो म्हणाला, दोन्हीला एकच चालायचा नाही, दोन खोके न्या. हा ट्रॅकचा आणि हा रोजच्या वापराचा."

"मग रोजच्या वापराचा इथं काय करतोय?"

"म्हणजे काय? मी रोज वापरतोय! एक दिवस खाडा नाही. दार काय छान थांबतं त्यानं!"

ताईनं तोंडाला पदर लावला होता.

गॅरेजमध्ये मेकॅनिकनं नवे पॅड बसवता बसवता सांगितलं की ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय पकड घेत नाहीत आणि शाळेच्या वाटेवर ते तापणार कधी? शर्यतीच्या आधी ते चढवायचे, आल्यावर उतरवायचे. धाकट्यानं मान डोलावली. नवी कवळी लावून पहिल्याच दिवशी सुपारी फोडू नका, हे तो स्वतः लोकांना रोज सांगत होता.

सोमवारी बायको शेजारी बसली, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून. मुलगी मागं सवयीनं कानात बोटं घालून बसली. फाटक आलं. मुख्याध्यापिकाबाई सायकल घेऊन झाडाच्या मागं गेल्या. धाकट्यानं श्वास रोखून पाय दाबला.

गाडी थांबली. फाटकाच्या आधी, मुकाट्यानं.

"बाबा, थांबली का?" मुलीनं विचारलं. कानातली बोटं तशीच होती.

बायकोनं मुठीवरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला. "पुढच्या खेपेला ट्रॅकवर मीही येते," ती म्हणाली. "बघू तरी एवढं काय ऐकू येतं तिथं."

धाकटा ही बातमी सांगायला उडत ताईकडे गेला. ताई एकटीच चहा घेत बसली होती. शेजारच्या खोलीतून दारावर धपाधप गुद्दे बसत होते. रहस्याचा उलगडा ऐकवायला दाजींनी डॉक्टरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दोघं आत गेले, वारा आला, आणि दाराला लावायला आता खोका नव्हता.

"उघडा!" आतून दाजी किंचाळले. "संशयितासोबत कोंडला गेलोय! मला पुन्हा ती अक्षरं वाचायला लावतोय!"

धाकटा उठू लागला. ताईनं त्याला हात धरून खाली बसवलं आणि त्याच्यासाठी कप भरला.

"बस रे, चहा घे," ती म्हणाली. "थंड असताना नुसताच किंचाळतो. जरा तापू दे, मग उघडू."