वितरक नेमणे आहे

साळवे भाऊंचं पुस्तक हवं असेल तर अर्ज करावा लागे. रीतसर अर्ज. वर 'विषय : पुस्तकाची एक प्रत मिळणेबाबत', खाली सही आणि तारीख. माझा पहिला अर्ज त्यांनी परत केला, कारण पुस्तक कशासाठी हवं ते मी लिहिलं नव्हतं.

"भाऊ, वाचायला हवंय. आणखी कशाला असणार?"

"मग तसं लिव्हा ना, सर. लोक कशाकशाला नेत्यात, मला काय म्हाईत?"

पाथर्डीत कचेरीसमोर पत्र्याच्या आडोशाला भाऊंचा टाइपरायटर असे. उभ्या तालुक्याची प्रतिज्ञापत्रं आणि तक्रारी त्यांच्या बोटांखालून गेलेल्या. मी हायस्कुलातला मास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. त्यामुळे त्यांच्या पुस्तकाचा सगळा खटाटोप मला घरबसल्या ऐकू येई.

नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत भाऊंनी कुठल्याशा संस्थेच्या मोडीतून हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल मशीन आणलं होतं. पुस्तकाची चौऱ्याऐंशी पानं, म्हणून चौऱ्याऐंशी स्टेन्सिली. त्या घरभर दोऱ्यांना चिमटे लावून टांगलेल्या. वहिनींना धुणं वाळत घालायला जागा उरली नव्हती. अर्ज मंजूर झाला की येत्या रविवारी भाऊ एक स्टेन्सिल चढवायचे, दांडा एकदा फिरवायचे, एक पान काढायचे आणि स्टेन्सिल उतरवायचे. मग दुसरी. एका प्रतीसाठी चौऱ्याऐंशी वेळा!

"अहो, चढवलीच आहे तर पन्नास पानं काढून ठेवा की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"मागनी न्हाई तर छपाई न्हाई," भाऊ म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत. "वाचनारा नसताना छापलं तर ते पुस्तक कुनाचं म्हनायचं?"

पुस्तकाचं नाव 'आमी दोघं'. दोघं म्हणजे भाऊ आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा. दोघांनी मिळून केलेल्या चोऱ्या, खाल्लेला मार, विहिरीतलं पोहणं. वाचताना मी इतका हसलो की बायकोने येऊन पाहिलं. शेवटच्या प्रकरणात मात्र हसू गेलं. दादाने ऊस तोडून धाकट्याला टायपिंग शिकवलं होतं. धाकट्याचा जम बसल्यावर एकदा दादा मळक्या धोतरात कचेरीसमोर भेटायला आला. तेव्हा धाकटा म्हणाला, 'गिऱ्हाइकांसमोर असा येत जाऊ नको.' दादा आल्या पावली वळला. त्या वर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला गेला तो सतरा वर्षांत परत आला नाही. भाऊंनी हे स्वतःबद्दल लिहिलं होतं, कुठेही सारवासारव न करता.

एके दिवशी आडोशाला पाटी लागली, 'वितरक नेमणे आहे. इच्छुकांनी अर्ज करावेत.'

मला फार आनंद झाला. नगरचे एक पुस्तकविक्रेते ओळखीचे होते, त्यांना मी मुद्दाम घेऊन आलो. भाऊंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"तुमची पोच कुठवर हाय?"

"नगर, पुणे, बरीचशी वाचनालयं."

"उसाच्या फडात जाता का?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी शंभर प्रती एकदम मागताच भाऊंनी हात जोडले. दुसरा अर्ज वर्तमानपत्राच्या एजंटाचा. त्याची पोच तिसगावापासून मिरजगावापर्यंत, पण एसटी थांबेल तिथवरच. तोही नापास.

दसऱ्याच्या सुमाराला रामा मुकादम कसलंसं प्रतिज्ञापत्र करायला आला. दरवर्षी ऊसतोडीच्या शेपन्नास जोड्या ट्रकात घालून तो कारखान्यांवर नेई. भाऊंनी त्याचं प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं आणि त्याच्याच नावाने वितरकाचा अर्ज टाइप केला. रामाने अंगठा उमटवला.

मी चिडलो. नगरच्या माणसासमोर माझी शोभा झाली होती ती वेगळीच. "भाऊ, हा अंगठेबहाद्दर तुमचं पुस्तक विकणार?"

"इकायचं न्हाई, न्यायचं. टोळीत कुनीतरी शिकल्यालं असतंय. त्यानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

"त्यापेक्षा रामाला सरळ दादांचं नाव घेऊन चौकशी करायला सांगा ना."

"सतरा वर्सं तेच केलं, सर. नाव घेतलं की त्यो लपतोय. पर गोष्ट चालू असली तर दादा उठून जायचा न्हाई. बारका हुतो तवापासून बघतोय मी त्याला."

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन चौऱ्याऐंशी वेळा दांडा फिरवला.

ते सहा महिने भाऊंचे कसे गेले ते मी पाहिलंय. टाइप करताना ओळी चुकायला लागल्या. एका बाईच्या वारसाच्या अर्जात त्यांनी स्वतःच्याच गावाचं नाव घातलं.

उन्हं तापल्यावर टोळ्या परतल्या. रामा मुकादम आडोशाला आला तेव्हा मी तिथेच होतो. भाऊ उभे राहिले.

"वाचलं, भाऊ," रामा म्हणाला. "कारखाना बंद हुता त्या दुपारी. आमच्या गाडीवानाची सून सातवी शिकलीय, तिनं वाचलं. शेजारच्या तळावरची मान्सं बी आल्ती. लई हसली."

"मंग?"

"तुमी विहिरीत बुडत हुता अन् दादानं वर काढलं, ते आलं ना, तवा मागनं एक म्हातारा वराडला. म्हनला, 'खोटं लिव्हलंय त्यानं. बुडत मी हुतो. त्या येवढ्याशा पोरानं मला वढून काढलं.'"

भाऊंनी टाइपरायटरच्या कडेला धरलं.

"सून म्हनली, बाबा, तुमी कोन? तर उत्तर दिलं न्हाई. पर बसून ऱ्हायला. शेवटचं पान हुस्तवर बसला. सकाळी बघाय गेलो तर त्यांची टोळी हालली हुती."

"शेवटचं पान ऐकलं त्यानं?"

"ऐकलं."

"मंग काय म्हनला?"

"काय न्हाई. डोळं पुसलं. अन् म्हनला, येडंच हाय."

भाऊ स्टुलावर बसले. समोर दोन माणसं कागद घेऊन खोळंबली होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कसं म्हनला?" त्यांनी विचारलं. "त्याच्यावानी म्हनून दाव."

रामाने म्हणून दाखवलं.

"आनखी एकदा," भाऊ म्हणाले.