नव्या मॉडेलमधली सुमित्राबाई

भंडाऱ्याच्या हेमराजला घरी फोटो छापायचा प्रिंटर घ्यावा लागला, कारण सरकारच्या हिशेबानं त्याची आई येत्या एकतीस तारखेला मरणार होती.

तसं रीतसर पत्रच आलं होतं. ‘विहित मुदतीत पडताळणी न झाल्यास लाभार्थी मयत समजण्यात येईल.’ खाली ‘आपला विश्वासू’ असंही होतं. आणि आई, म्हणजे सुमित्राबाई, ते पत्र ऐकत तांदूळ निवडत बसली होती.

आता चहा घेता घेता गंमत ऐका रे. सुमित्राबाईनं चाळीस वर्षं हातमाग चालवला. विणकरांच्या पेन्शनच्या यादीत तिचं नाव आहे, पण मशीनवर अंगठा ठेवला तर उठत नाही. बोटावरच्या रेषा धाग्यानं कधीच घासून नेल्या. डोळा स्कॅन करावा तर मोतीबिंदू. मग राहिला फक्त फोटो, आणि फोटो पाहिजे तीस दिवसांच्या आतला. हेमराज स्टुडिओतून काढून घेऊन गेला, तर पडताळणीचे साहेब रजेवर. साहेब आले त्या दिवशी फोटोला एकतिसावा दिवस लागला होता. दुसरा नेला, तर मागची भिंत निळी, पाहिजे पांढरी. तिसऱ्यात भिंत पांढरी होती, पण आईनं लुगडंही पांढरं नेसलं होतं, त्यामुळे लाभार्थी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे पडताळणी कक्षाला कळेना. वरठीच्या कारखान्यात पाळी करून हेमराज आधीच थकलेला. तो म्हणाला, बस झालं, आता घरीच प्रिंटर.

मग आठ दिवस त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. जुनं मॉडेल चांगलं का नवं? अर्धे लोक म्हणत जुनं, अर्धे म्हणत नवं, आणि सगळेच म्हणत बेलचं बटन दाबा. शेवटी तो स्टेशनजवळच्या टिकारामच्या दुकानात गेला.

"भाऊ, हे जुनं मॉडेल," टिकारामनं डब्यावरची धूळ फुंकली. "जड आहे, आवाज करते, वायर लावा लागते. पण जसा माणूस तसा येते."

"आन् नवं?"

"नवं मोबाईलवरून चालते. चेहरा आपोआप सुधरवते."

"सुधरवणं बंद करता येते काय?"

"काहून बंद कराचं?" टिकारामला प्रश्नच समजला नाही. "लोकं त्याच्यासाठीच तर नेऊन राहिले."

"मले आई सुधरवाची नाही ना बापा, जिती ठेवाची आहे."

"मंग जुनं न्या," टिकाराम म्हणाला, पण अशा तोंडानं, जसं नवरदेवानं वरातीला सायकल मागितली.

घरी हेमराजची बायको स्वाती तो डबा बघून म्हणाली, "शेजारच्या रिताकडे नवं आहे. आपणच काहून जुनं?" पण त्या डब्यानं घरघर करत, दोनदा थांबत, एक फोटो काढून दिला. सुमित्राबाईनं तो हातात घेऊन उजेडाला धरला, जसं ती कापड धरते.

"हाव," ती म्हणाली. "हे मीच हावो. धागा न् धागा दिसून राहिला."

पडताळणी कक्षात वीरेंद्रसाहेब बसतात. माणूस वाईट नाही. त्यांनी फोटो मशीनखाली ठेवला आणि गंभीर झाले.

"एकेचाळीस टक्के."

"म्हणजे?"

"नापास. साठ लागतात. आमच्या रेकॉर्डमधला फोटो दोन हजार आठचा आहे. त्यात केस काळे, गाल भरलेले, दात पूर्ण. यात त्यापैकी काहीच जोडलेलं नाही."

"साहेब, इतकी वर्षं झाली. माणूस म्हातारं होईन ना."

"व्हावं. आमची हरकत नाही. पण त्याची वेळोवेळी नोंद केली होती का? दरवर्षी जितकं म्हातारपण आलं तितकं कळवायला पाहिजे होतं. आता असं एकदम सगळं आणून टाकलं, तर यंत्रणेवर ताण येतो."

"पण आई तुमच्या समोर उभी आहे ना!"

"ते मला दिसतं. मशीनला दिसत नाही. आणि मी मशीनला सांगू शकत नाही, मशीन मला सांगते."

असं म्हणून साहेबांनी त्या फोटोवर लाल शिक्का मारला, ‘जुळत नाही’, तो नेमका कपाळावर. फोटो परत देताना हळूच म्हणाले, "चांगला प्रिंटर घ्या."

हेमराजनं जुनं मॉडेल परत केलं आणि नवं आणलं. टिकाराम "म्हटलं होतं ना" असं म्हणाला नाही, पण पिशवी देताना हसला. नवा प्रिंटर मांजरासारखा गुपचूप. दहा सेकंदांत फोटो बाहेर! सुरकुत्या गेल्या, रंग उजळला, केस काळे झाले, पडलेले दोन दात परत आले. स्वाती म्हणाली, "अय्या आई, तुम्ही माझ्यापेक्षा लहान दिसून राहिल्या!"

सुमित्राबाईनं तोही उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. "कोन आहे थे?"

कक्षात मशीननं टिंग वाजवलं. सत्त्याण्णव टक्के! वीरेंद्रसाहेबांनी खुर्चीतून उठून हेमराजचा हात हातात घेतला. मग नियमाप्रमाणे प्रत्यक्ष पडताळणीसाठी त्यांनी फोटोवरून नजर उचलली, सुमित्राबाईकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि खाली बसले.

"फोटो बरोबर आहे," ते म्हणाले. "लाभार्थी चुकली आहे."

"म्हणजे आता काय आई बदलून आणू?"

"प्रिंटर बदलला ना? इच्छा असली की होतं."

तारीख होती एकोणतीस. दोन दिवस स्वातीनं सासूबाईला फोटोसारखं करायला जीव लावला. केस काळे केले. पावडर इतकी लावली की सुमित्राबाई शिंकली तरी खोलीत धुकं. गाल भरायला दोन्हीकडे कापूस कोंबला. एकतीस तारखेला अशी सगळी सजवलेली सुमित्राबाई साहेबांसमोर उभी राहिली, आणि साहेबांनी नाव विचारलं. कापसामुळे तिला नावच सांगता येईना.

"बघा," साहेब हळहळले. "फोटोला कमीत कमी बोलावं तरी लागत नाही."

मग त्यांनीच मार्ग काढला. फोटो शंभर टक्के हयात आहे, त्याबद्दल कक्षाच्या मनात शंका नाही. म्हणून फोटोला हयातीचा दाखला मंजूर! फक्त एक करायचं. या बाईंना परत आणायचं नाही, कारण लाभार्थीच्या नावानं भलतीच बाई हजर होते असं कोणी लिहून दिलं, तर तोतयेगिरीचं कलम लागतं.

सुमित्राबाईनं तोंडातला कापूस काढून हातात घेतला. "साहेब, मंग मी कोन?"

साहेबांनी रजिस्टर पाहिलं. एक रकाना सापडला. "तुम्ही सोबत आलेल्या."

दाखला मिळाला! स्वातीनं पेढे वाटले, फोटो फ्रेम करून पुढच्या खोलीत लावला. गल्ली पाहायला आली आणि फोटो काढूनच गेली. गोमाजी पंच्याऐंशीचे, त्यांना फोटोत काळ्या मिशा आल्या. आनंदाबाईला भुवया. महिनाभरात अख्ख्या गल्लीत चाळिशीच्या वर कोणी उरलं नाही. आता पडताळणीवाला आला की म्हातारे मागच्या दारानं निघून जातात, पुढच्या खोलीत त्यांचे फोटो हयात असतात. दारावरची थाप ऐकली की सुमित्राबाईही उठते, तांदूळ निवडायचं सूप घेते आणि चुपचाप मागे जाऊन बसते. स्वतःच्या घरात. कोणाला सांगावं लागत नाही.

एक दिवस ती हेमराजला म्हणाली, "बापू, तो जुना डबा वापस आन ना."

हेमराज गेला. टिकाराम म्हणाला, "कंपनीनं बंद केला भाऊ. आठ महिन्यांत एकच विकला होता, तोही तुमीच वापस केला."

तो रिकाम्या हातानं आला, तर सुमित्राबाईनं पेटी उघडली आणि लुगड्याच्या घडीतून तो नापास फोटो काढला.

"मी गेल्यावर हा लावजो. त्या भिंतीवरच्या बाईले हार नोको घालू. माही न् तिची ओळख नाही."

"आई, याच्यावर शिक्का आहे ना. कपाळावर."

"असू दे. माह्या कपाळावर कोनीतरी खरं लेहलं. त्या फोटोशी मी नाहीच जुळत."

हसता काय रे? आत्ता चहा यायच्या आधी आपण सहा जणांनी मिळून फोटो काढला. ग्रुपवर आला तेव्हा मी नीट पाहिला. सहापैकी एकही ओळखू आला नाही. आणि खाली सहाही जणांनी लिहिलं आहे, ‘भारी आला!’