सरावलीच्या सर्व्हरचा हृदयविकार

मी नविन सावे. डहाणू ते तलासरी पट्ट्यातला एकमेव संगणक-गुप्तहेर. माझं नाव ऐकून गुन्हेगार चळाचळा कापतात. अजून एकही भेटलेला नाही, म्हणजे सगळे लपून बसलेले असणार.

२०१८च्या दिवाळीआधी सरावलीहून भाविकाचा फोन आला. ही गोविंदराव चुरींची सून. त्यांचा फुग्यांचा कारखाना. सासऱ्यांच्या मिनतवाऱ्या करून तिने ऑफिसातले जुने कॉम्प्युटर माळ्यावर टाकायला लावले होते आणि एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे चार आभासी कॉम्प्युटर, बसवली होती. सकाळी लाइट गेली. परत आल्यावर बिलांचं मशीन चालू करायला तिने सर्व्हर सांभाळणारं मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर उघडलं, तर ते सर्व्हरला ओळखच देईना. बिल नाही म्हणून माल राज्याबाहेर न्यायला लागणारं ई-वे बिल नाही. ‘मोबाइलवर पाठवतो’ म्हणून पुढे धाडलेला लाहू ड्रायव्हर सुरतचा माल घेऊन तलासरीला, गुजरातच्या वेशीवर खोळंबलेला.

मी पोहोचलो. स्क्रीनवर ‘होस्ट नॉट रिस्पॉन्डिंग’.

“होस्ट म्हणजे?” गोविंदरावांनी विचारलं.

“यजमान, काका. उत्तर देत नाहीये.”

“यजमान मी आहे. सकाळपासून बोलतोय, कोण ऐकत नाही.”

“आधी लॉग बघतो.”

“लोक कशाला बघायचेत? ते कामावर आहेत.”

“लॉग, पप्पा,” भाविका म्हणाली. “काय काय घडलं ते सर्व्हर लिहून ठेवतो, ते.”

लॉगमध्ये एकच रड. कनेक्शन जुळलं, तुटलं, जुळलं, तुटलं. मधूनमधून ‘हार्टबीट मिळत नाही’.

“हृदयविकार,” मी गंभीरपणे म्हणालो.

भाविकाने सर्व्हरचे लुकलुकणारे हिरवे दिवे दाखवले. पेशंट ठणठणीत होता. मग मी चिनी हॅकरवर संशय घेतला. तिने इंटरनेटची वायर काढली, तरी जुळणं-तुटणं चालूच. म्हणजे हॅकर घरातला. मी वॉचमन शुक्राला बोलावलं.

“सकाळी कुठे होतास?”

“गेटवर.”

“पुरावा?”

“तुम्हाला गेट मीच उघडलं ना.”

या उत्तरात कुठेतरी खोट होती, पण सापडेना.

“सूनबाई,” गोविंदराव म्हणाले, “जुने कॉम्प्युटर उतरवायला सांग.”

 भाविका नुसती मान खाली घालून कीबोर्ड पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. म्हणून मी आणखी एक संशयित शोधायला लागलो.

तेवढ्यात गोविंदरावांच्या पत्नी, बकुळाकाकी, बहिणीशी फोनवर बोलत आत आल्या. दाराशी कालच बसवलेलं हजेरीचं अंगठा मशीन ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असं कोकलत होतं.

“ह्याच्या तोंडात माती,” म्हणत काकींनी त्याच्या सगळ्या वायरी उपटल्या. “हां, बोल गं.”

स्क्रीनवर सर्व्हर जुळला. आणि जुळलेलाच राहिला.

भाविका धावली. वायरी लावल्या, तुटलं. काढल्या, जुळलं.

“नविनभाई, मशीन बसवणाऱ्याने त्याला आपल्या सर्व्हरचाच नेटवर्क पत्ता दिलाय. एका पत्त्यावर दोघं. निरोप कधी ह्याला, कधी त्याला. काल हे सॉफ्टवेअर उघडायची वेळच आली नाही, म्हणून कळलं नाही.”

तिने अंगठा मशीनला वेगळा पत्ता दिला, बिलांचं मशीन चालू केलं, ई-वे बिल पाठवलं. लाहू निघाला. गोविंदराव घसा खाकरून म्हणाले, “माळ्यावरचे डबे भंगारात दे, भाविका. उगाच जागा अडवतात.”

मी उठून जाहीर केलं, “माझा संशय पहिल्यापासून अंगठ्यावरच होता.”

बकुळाकाकींनी फोन कानापासून दूर धरला. “मग सांगायचं नाही का रे? मी केव्हाच काढलं असतं.”