डीएक्सचं मंजूर माप

उज्जैनच्या माधव नगरातल्या एका खाजगी विद्यालयात, बारावीच्या वर्गात, एक गंभीर प्रकार घडला. अश्लेषा नावाच्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. इंटिग्रेशनच्या शेवटी जे डीएक्स लिहितात, त्याचा मतलब काय? गणिताच्या श्रीपाद सरांनी त्याहून गंभीर प्रकार केला. त्यांनी उत्तर दिलं.

त्यासाठी त्यांनी वर्ग राम घाटावर नेला. क्षिप्रेच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याच्या उभ्या पट्ट्या कल्पा, ते म्हणाले. प्रत्येक पट्टीची खोली गुणिले तिची रुंदी, आणि सगळ्यांची बेरीज. ती इवलीशी रुंदी म्हणजे डीएक्स. ती गाळली तर नुसते खोलीचे आकडे मिळवत बसाल, पाणी हिशेबात येणारच नाही. पट्टी किती पातळ हवी, असं अश्लेषाने विचारलं.

"तू सांगशील त्याहून पातळ," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी अडलेली गणितं तिची तिला सुटली. आनंदाच्या भरात तिने हे मैत्रिणींना सांगितलं. त्यांच्यामार्फत ते पालकांपर्यंत गेलं आणि तक्रार आली: पेपरात न येणारा अर्थ मुलांना शिकवला जात आहे.

संचालक जयंतरावांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष प्रतिभाताईंनी प्रथम डीएक्सचं माप मागितलं. सर म्हणाले, कितीही लहान. समितीने एक मिलिमीटर मंजूर केला. सर म्हणाले, त्याहून लहान. समितीने उदार होऊन अर्धा केला. सर आणखी खाली गेले. मंजूर मापाचं वारंवार उल्लंघन, अशी नोंद झाली.

"मग शून्य लिहू का?" प्रतिभाताईंनी थकून विचारलं.

"नाही ताई. शून्य धरलं तर बेरीजही शून्यच येईल."

ठराव झाला: डीएक्स लिहिणे अनिवार्य, समजणे ऐच्छिक, समजावणे शिस्तभंग. सरांची बदली प्रचार विभागात झाली. ते देवास गेटच्या बसस्टँडवर प्रवेशाची पत्रकं वाटू लागले.

वार्षिक परीक्षेत अश्लेषाने उत्तरासोबत अर्थही लिहिला. अनावश्यक मजकुराबद्दल एक गुण कापला गेला. ती बसस्टँडवर सरांना भेटायला आली.

"सर, एक नंबर गेला. मगर आता कोणी पट्टी कितीही बारीक केली तरी भीती नाही वाटत."

सरांनी पत्रकांचा गठ्ठा बाजूला सरकवला. त्यांनी तिला शेजारी बसायला जागा करून दिली.

पाठ करणाऱ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. त्यांच्या अभिनंदनाचे फलक शहरभर लागले. त्यांतल्या एका फलकाखाली तुम्हीही हसत फोटो काढून घेतलात. मुलगा तुमचाच होता आणि तक्रारीवरची सहीसुद्धा.